कार्ताहेनाचा गोड आठवडा : कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहरात मिठाई बारा महिने मिळते. घड्याळाच्या मनोऱ्याखालून जुन्या तटबंदीच्या आत शिरलं की प्लासा दे लोस कोचेस हा चौक लागतो आणि त्याच्या एका बाजूच्या कमानींखाली मिठाईची रांगच आहे. नावच पोर्ताल दे लोस दुल्सेस, म्हणजे मिठाईच्या कमानी. काचेच्या बरण्या, त्यांत नारळाचे तुकडे, चिंचेचे गोळे, दुधाच्या वड्या. बहुतेक प्रवासी इथून चार तुकडे घेतात, फोटो काढतात आणि पुढच्या गल्लीत वळतात. तेवढ्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. या किनाऱ्याची सगळ्यात मोलाची मिठाई बरणीत राहतच नाही. ती मोठ्या पातेल्यात शिजते, चमच्याने खातात, दोन-चार दिवसांत संपवावी लागते आणि ती मुबलक मिळते ईस्टरच्या आधीच्या एका आठवड्यात. तुमचा सगळा बेत त्या आठवड्याभोवती आखा. तो कसा आखायचा, तेच पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : आधी तारीख, मग तिकीट

या आठवड्याला तिथे सेमाना सान्ता म्हणतात. पाम संडेपासून ईस्टरच्या रविवारपर्यंतचे आठ दिवस. तारीख दरवर्षी बदलते, कारण ईस्टर चंद्रावर ठरतो. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर कधी होळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, कधी चैत्र पौर्णिमेनंतरच्या रविवारी. २०२७ मध्ये पाम संडे २१ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. २०२८ मध्ये ९ एप्रिल आणि १६ एप्रिल.

कार्ताहेनात या दिवसांत मिठाईचा उत्सव भरतो, फेस्तिवाल देल दुल्से. बहुतेक वेळा तो प्लासा दे लोस कोचेस आणि कमानींच्याच परिसरात असतो, पण जागा कधी कधी बदलते. म्हणून निघण्यापूर्वी महापालिकेची आणि शहराच्या वारसा व संस्कृती संस्थेची घोषणा पाहून घ्या. ही घोषणा उत्सवाच्या थोडे दिवस आधी होते, तेव्हा महिनोन् महिने आधी शोधून काही हाती लागणार नाही.

एक अडचण आताच सांगून ठेवतो. हाच आठवडा कोलंबियन लोकांच्याही सुट्टीचा. राजधानी बोगोता आणि मेदेयिन शहरातून माणसं किनाऱ्यावर लोटतात आणि खोल्यांचे भाव चढतात. तटबंदीच्या आत राहायचा आग्रह नसेल तर शेजारच्या खेत्सेमानी वस्तीत खोली बघा. चौकापर्यंत पायी पोचता येतं. गुरुवार आणि शुक्रवार या दोन्ही दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते, बँका बंद असतात; लागणारे पैसे बुधवारीच काढून ठेवा. आणि सुट्टे घ्या. ठेल्यावर ५० हजार किंवा १ लाख पेसोची नोट पुढे केली तर बाईंना शेजारणीकडे धावावं लागतं. २ हजार, ५ हजार आणि १० हजारांच्या नोटा खिशात हव्यात.

राहायचंच तर उशिरात उशिरा पाम संडेच्या आदल्या दिवशी पोचून किमान गुरुवारपर्यंत राहा. पहिल्या दोन दिवसांत सगळे प्रकार भरपूर असतात, विकणाऱ्या बायकांना बोलायला सवड असते. शुक्रवारनंतर गर्दी एवढी होते की फक्त घ्या आणि पुढे व्हा.

दुसरी पायरी : कागदपत्रं आणि एक लस

भारतातून थेट विमान नाही. युरोप, अमेरिका किंवा आखातमार्गे बोगोताला जायचं आणि तिथून सुमारे दीड तासाचं देशांतर्गत उड्डाण. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम सोपं आहे. मायामीहून कार्ताहेनाला थेट विमानं आहेत, तीन तासही लागत नाहीत. कोलंबियाच्या व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते दूतावासाच्या पानावरच वाचा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

लसीबद्दल मात्र अजिबात हयगय नको. कोलंबिया हा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा देश मानला जातो. तिथून भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक वारी रांग असते. प्रवासाच्या महिनाभर आधी हे काम उरकून टाका.

तिसरी पायरी : काय काय असतं, ते ओळखून जा

इथे जरा वेळ घालवू, कारण नाव ठाऊक नसेल तर माणूस समोर दिसेल ते उचलतो आणि चांगलं ते राहून जातं.

आधी कोरडे प्रकार, जे वर्षभर मिळतात. कोकादा म्हणजे खोबऱ्याची मिठाई. पांढरी साखरेची, तपकिरी पानेलाची (पानेला म्हणजे तिथला गूळ), अननस घातलेली, पेरू घातलेली, तीळ घातलेली. ती कशी होते ते एकदा पाहायला मिळालं तर सोडू नका. ॲल्युमिनियमच्या जाड बुडाच्या कढईत पानेला विरघळवून त्यात किसलेला नारळ पडतो आणि लाकडी उलथन्याने ढवळणं सुरू होतं. सुरुवातीला सगळं पातळ, फसफसणारं. हळूहळू बुडबुडे जड होतात, आवाज बदलतो, नारळ तुपकट दिसायला लागतो आणि मिश्रण कढईच्या कडा सोडतं. तेव्हा हात थांबला की बूड लागलंच. मग ओल्या फळीवर चमच्याने एकेक गोळा टाकायचा आणि चमच्याच्याच पाठीने किंचित दाबायचा. कापाकापी नाही. म्हणून खऱ्या कोकादाच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि दोन तुकडे सारखे दिसत नाहीत. बरणीत अगदी एकसारखे, धारदार कोपऱ्यांचे चौकोन दिसले तर ते कारखान्यातून आलेले समजा आणि पुढच्या ठेल्याकडे वळा.

आलेग्रिया हा फुलवलेल्या मियो धान्याचा गोळा. मियो म्हणजे भरड धान्य. त्याच्या लाह्या पानेलाच्या पाकात, खोबरं आणि बडीशेपेच्या कुळातल्या आनिससकट वळतात. मेक्सिकोत याच नावाची मिठाई राजगिऱ्याची असते, तिच्याशी गल्लत करू नका. डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बायका ‘आलेग्रिया, कोन कोको इ आनीस!’ अशी हाळी देतात, ती हीच. काबायितो म्हणजे कच्च्या पपईच्या लांब पट्ट्या पाकात मुरवलेल्या. एन्युकादो हा किसलेल्या कसाव्याचा (ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो), नारळ, खारट चीज आणि आनिस घालून भट्टीत भाजलेला केक. गरम असताना बाहेरून कुरकुरीत आणि आतून चिकट. मला विचाराल तर कोरड्या प्रकारांत हाच सगळ्यांत वरचा, कारण त्यात चीजचा खारटपणा गोडाला लगाम घालतो. शिवाय चिंचेचे गोळे, कसाव्याच्या सत्वाच्या पांदेरितो नावाच्या खुसखुशीत बिस्किटवजा चकत्या आणि मुन्येका दे लेचे ही दुधाची मऊ मिठाई.

आता ओले प्रकार, ज्यांच्यासाठी एवढा प्रवास.

ग्वांदू म्हणजे तूर. होय, आपलीच तूर. तिचं मूळ भारतात, इथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमध्ये पोचली. तिथे तिची सुगी वर्षाच्या सुरुवातीला येते, म्हणून सेमाना सान्ताला दाणे हाताशी असतात. ते शिजवून, वाटून, गाळून, नारळाच्या दुधात आणि साखरेत दालचिनी-लवंग घालून घोटतात. रंग मातकट, दिसायला अगदीच साधं. नवखी माणसं म्हणूनच ते ओलांडून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. आयुष्यभर आमटी खाल्लेल्या जिभेला तुरीची ही चव थक्क करते.

न्यामेचं गोड हे कोनफळाच्या कुळातल्या पांढऱ्या कंदाचं, मऊ आणि दाट. पपईचं, मामेय फळाचं, इकाकोचं, कोरोसो या आंबट लाल ताडफळाचं, फाटलेल्या दुधाचं, नारळ-अननसाचं अशी वेगवेगळी पातेली ओळीने असतात. आणि मोंगो-मोंगो. पिकलेली केळी, आंबा, अननस, मामेय, एखादा कंद, नारळ असं सगळं पानेलात एकत्र शिजवून काळपट तांबूस होईपर्यंत आटवलेलं. प्रत्येक घरचा मोंगो-मोंगो वेगळा, त्यामुळे दोन-तीन ठेल्यांवर तोच मागून बघायला हरकत नाही. कार्ताहेनाच्या दक्षिणेकडच्या कोर्दोबा आणि सुक्रे या भागांतल्या गावांत या आठवड्यात घरोघरी अशी पातेली चढतात आणि दिवाळीत आपल्याकडे फराळाची ताटं शेजारी जातात तशा गोडाच्या वाट्या झाकून एकमेकांकडे जातात. पूर्वी गुड फ्रायडेला चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही अशी रीत होती. आधीच रांधून ठेवलेलं गोड त्या दिवशी चालायचं.

या पातेल्यांतलं साहित्य एकदा मनाशी मांडून पाहा. नारळ, ऊस, तूर, चिंच, आंबा हे सगळं आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेलं. पपई, अननस, पेरू, कसावा हे तिकडचे, त्यातले बरेच पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर उतरलेले. म्हणूनच इतक्या लांबच्या मिठाईच्या टेबलावर मराठी माणसाला जवळजवळ प्रत्येक वास ओळखीचा वाटतो.

चौथी पायरी : हे कोणाच्या हातचं आहे, ते जाणून घ्या

या मिठाया करणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांतल्या पुष्कळशा सान बासिलियो दे पालेंके या गावच्या किंवा त्या गावातून शहरात येऊन राहिलेल्या. त्यांना पालेंकेरा म्हणतात. कार्ताहेना हे स्पॅनिश साम्राज्याचं गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं आणि जिथे आज मिठाई मिळते त्याच प्लासा दे लोस कोचेस चौकात माणसांची विक्री होत असे. सतराव्या शतकात पळून गेलेल्या आफ्रिकी लोकांनी आतल्या डोंगरांत कुंपण घातलेल्या मुक्त वस्त्या उभ्या केल्या. या लढ्याचा नेता बेंकोस बिओहो. त्याला स्पॅनिश सत्तेने १६२१ मध्ये कार्ताहेनात फाशी दिलं. त्या वस्त्यांपैकी पालेंके टिकलं. त्याची स्वतःची भाषा आहे, शब्दसंपदा बहुतेक स्पॅनिश पण आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेचा खोल ठसा असलेली. युनेस्कोने २००५ मध्ये या गावच्या संस्कृतीला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

गावातली वाटणी पिढ्यान् पिढ्या अशी की पुरुष शेती आणि गुरं पाहणार, बायका पिकवलेलं आणि रांधलेलं डोक्यावरच्या पोंचेरात, म्हणजे मोठ्या घमेल्यात घालून शहरांत विकायला जाणार. त्या मिठाईवर मुलं शिकली, घरं बांधली गेली. ज्या चौकात त्यांच्या पूर्वजांना विकलं, त्याच चौकात त्या स्वतःच्या हातचं, स्वतःच्या भावाने विकतात. हे लक्षात ठेवून तिथे उभं राहिलं की घासाघीस करायचं मनातही येत नाही.

तटबंदीच्या आत पिवळे-निळे-लाल झगे घालून, डोक्यावर फळांची पाटी घेऊन फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या बायका दिसतील. तेही त्यांचं कामच आहे. फोटोचे पैसे द्यायचे असतात, ते आधी ठरवा आणि द्या. लांबून चोरून कॅमेरा रोखणं फार वाईट. मिठाईच्या ठेल्यावरही आधी विकत घ्या, मग विचारा. बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात.

पाचवी पायरी : ठेल्यावर कसं वागायचं

सकाळी दहाच्या सुमारास जा. तेव्हा पातेली भरलेली असतात आणि ऊन अजून अंगावर आलेलं नसतं. या दिवसांत दुपारी हवा तिशीच्या वर जाते आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो. दुसरी चांगली वेळ सूर्य कलल्यानंतरची.

आधी संपूर्ण रांग एकदा रिकाम्या हाताने फिरून या. कुठे पातेलं मोठं आहे, कुठे स्थानिक बायका डबे घेऊन उभ्या आहेत, ते पाहा. डबा घेऊन येणारी गिऱ्हाइकं जिथे, तिथलं गोड चांगलं. या खुणेने मला अजून दगा दिलेला नाही. बाईंना ‘सेन्यो’ म्हणून हाक मारा, किनाऱ्यावर तीच आदराची आणि जवळिकीची हाक आहे. आधी ‘बुएनोस दियास’, मग बाकीचं. नमस्कार न करता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. पुढे ही तीन वाक्यं पुरतात. ‘के येवा?’ म्हणजे यात काय काय आहे. ‘मे रेगाला उना प्रुएबा?’ म्हणजे चाखायला देता का. उत्सवात चमचाभर चाखायला देण्याची पद्धत आहे, पण पाच-सहा पातेली चाखून काहीच न घेता निघू नका. आणि ‘कुआन्तो वाले?’ म्हणजे केवढ्याला. भाव हजारांत सांगतात, ‘मिल’ म्हणजे हजार.

ओली मिठाई प्लॅस्टिकच्या लहान-मोठ्या पेल्यांत देतात. सुरुवातीला सगळ्यात लहान पेला घ्या. घरून चमचा आणि झाकणाचा छोटा डबा नेलात तर फार बरं: एक तर प्लॅस्टिक वाचतं, दुसरं म्हणजे बाई डबा बघून हात सैल सोडतात. जरा जास्त घेतलंत तर हसून ‘न्यापा’ मागता येते, वर थोडंसं फुकट. तेवढी सूट देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही आवडते.

पहिल्या दिवशी तीन प्रकारांवर थांबा: ग्वांदू, मोंगो-मोंगो आणि एखादं आंबट फळाचं. मध्ये खारट हवंच. तटबंदीच्या आत-बाहेर तळणीचे ठेले आहेत. तिथे कसाव्याच्या पारीत चीज भरून तळलेली कारिमान्योला मिळते, ती खाल्ली की जीभ पुन्हा गोडाला तयार. मधुमेह असलेल्यांनी चाखण्यावरच समाधान मानावं, ही मिठाई आपल्या पेढ्या-बर्फीपेक्षा हलकी नाही.

शाकाहारी मंडळींसाठी

ओल्या मिठाईत चिंता फारशी नाही. कंद, फळं, कडधान्य, नारळ, गूळ. एन्युकादोत कोणी अंडं घालतं, कोणी नाही, तेव्हा ‘तिएने उएवो?’ असं विचारा. त्यातलं चीज गाईच्या वासराच्या पोटातल्या विरजणाने, कुआखोने, लावलेलं असू शकतं. ते चालत नसेल तर एन्युकादो आणि चीजचे पदार्थ सोडावे लागतील.

जेवणात मोते दे केसो शोधा. न्यामे कंद शिजवून विरघळू द्यायचा आणि त्यात खारट चीजचे तुकडे घालायचे, असं हे दाट सार. सेमाना सान्तात मांस वर्ज्य असल्यामुळे या दिवसांत ते घरोघरी आणि खाणावळीत होतं. नारळाचा भात आणि बोयो, म्हणजे मका किंवा कसावा वाटून पानात गुंडाळून उकडलेला लांबट गोळा, हे सोबतीला. तळणीत ‘बुन्युएलो दे फ्रिखोल’ मागा: चवळी भिजवून, साल काढून, वाटून तळलेले वडे. आरेपा दे उएवोत मात्र अख्खं अंडं असतं.

मांसाहार करणाऱ्यांनाही एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. या आठवड्यात ‘इकोतेआ’ नावाच्या गोड्या पाण्यातल्या कासवाचं कालवण लपूनछपून मिळतं आणि रस्त्याकडेला इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्याची अंडी माळेत ओवून विकतात. दोन्ही बेकायदा आहे. अंडी काढताना मादीचं पोट चिरतात. कोणी कितीही कौतुकाने पुढे केलं तरी घेऊ नका.

सहावी पायरी : एक दिवस पालेंकेसाठी

गाव कार्ताहेनापासून साधारण ५० किलोमीटर. बसने जाऊन मुख्य रस्त्यावरून मोटरसायकलने आत जाता येतं, पण पहिल्यांदा जात असाल तर गावातलाच वाटाड्या आधी ठरवून जा. शहरातल्या कुठल्याही एजन्सीची गाडी पकडण्यापेक्षा यात पैसे गावात राहतात आणि परसातल्या चुली पाहायला मिळतात. सेमाना सान्ताच्या दिवसांत मात्र पुष्कळ बायका विकायला शहरात आलेल्या असतात. म्हणून मिठाई होताना पाहायची असेल तर पाम संडेच्या आधी दोन-चार दिवस जा, तेव्हा लाकडावरच्या चुलींवर मोठी पातेली चढलेली असतात. चौकात बेंकोस बिओहोचा पुतळा आहे, बेड्या तोडलेले हात पुढे केलेला. कोणाच्याही परसात विचारल्याशिवाय शिरू नका आणि ढवळायला उलथनं हातात दिलं तर आढेवेढे घेऊ नका. दोन मिनिटांत दंड भरून येतात.

आठवडा जमलाच नाही तर

किनाऱ्यावर खाण्याचे उत्सव आणखीही आहेत. कार्ताहेनात २ फेब्रुवारीच्या कांदेलारिया सणाच्या सुमारास तळणीचा उत्सव भरतो, फेस्तिवाल देल फ्रितो. वर सांगितलेले चवळीचे वडे आणि कारिमान्योला खायला याहून चांगली जागा नाही. बारांकिया शहराच्या वाटेवरचं लुरुआको हे गाव आरेपा दे उएवोसाठी प्रसिद्ध आहे आणि तिचा उत्सवही करतं. पालेंकेत ऑक्टोबरमध्ये ढोलांचा उत्सव असतो, तेव्हा गावच्या बायका गावातच मिठाई मांडतात. सेमाना सान्ता हुकला तर माझी दुसरी पसंती हीच. बारांकिया शहर कार्ताहेनापासून दोन तासांवर. तिथेही ईस्टरच्या आठवड्यात पालेंकेरा बायका रस्त्याकडेला छत्र्यांखाली टेबलं मांडतात. तिथे प्रवासी कमी, घरी डबा नेणारी गिऱ्हाइकं जास्त. कार्ताहेनाच्या गर्दीने जीव दमला तर एक दिवस तिकडे काढा. मागदालेना नदीकाठच्या मोम्पोस गावी लिंबाच्या सालींचं गोड आणि पदर सुटणारं चीज मिळतं आणि तिथल्या सेमाना सान्ताच्या मिरवणुका नावाजलेल्या आहेत, पण तिथवर जायला अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे. कार्ताहेना आणि मोम्पोस दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका.

घरी काय आणायचं, घरी काय करायचं

ओली मिठाई आणायच्या फंदात पडू नका, ती वाटेतच आंबते, शिवाय विमानतळावर हातातल्या सामानात अडवतात. दुधाची मुन्येकाही तिथेच संपवा. चिंचेचे गोळे आणि पांदेरितो उत्तम टिकतात. कोकादा शेवटच्या दिवशी घ्या, कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आलेग्रिया दमट हवेत सादळते, तिला वेगळा डबा.

ग्वांदूचं गोड मात्र महाराष्ट्रात सहज होतं, आणि तेही तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात येतात त्या थंडीत. सोललेले दोन वाट्या दाणे अगदी मऊ होईपर्यंत शिजवा. पाणी निथळून बारीक वाटा आणि जाड चाळणीतून गाळा. सालं वर राहिली पाहिजेत, नाहीतर गोड खरखरीत लागतं. जाड बुडाच्या कढईत हे वाटण, वाटीभर नारळाचं जाड दूध, पाऊण ते एक वाटी साखर, दालचिनीचा तुकडा, तीन-चार लवंगा आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ठेवा. गूळ घालायचा असेल तर अर्धी साखर कमी करून शेवटी घाला. सतत ढवळा. उलथनं ओढल्यावर कढईचं बूड क्षणभर दिसायला लागलं की उतरवा, गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो, घाईने आच वाढवली की तळाला करपतं आणि तो वास मग जात नाही. ओले दाणे नसतील तर अख्खी तूर रात्रभर भिजवून घ्या. चालते, फक्त गाळताना जास्त दाबावं लागतं. तूरडाळ वापरू नका, तिने पुरणासारखी चव येते. गार करून, लहान वाटीतून, दुपारच्या जेवणानंतर वाढा.